वैशाखात लिहिलेला अहवाल

जळगाव स्टेशनच्या बाहेर रज्जाकभाई माझ्या नावाचा कागद उलटा धरून उभे होते. चष्मा गाडीत राहिला, असं त्यांनी सांगितलं. नशिराबादचे राहणारे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, जीप स्वतःची. पुढचे पाच दिवस ती जीप आणि रज्जाकभाई, दोघेही माझ्या कामाला होते. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. नाश्ता झाला का, आणि धरणगावच्या माळावर नक्की काय बघायचं आहे.

"गवत," मी म्हणाले.

त्यांनी आरशातून मागे पाहिलं. "गवत? आणि त्याच्यासाठी पुण्याहून आलात?"

प्रश्न रास्त होता. सव्वीस वर्षं मी हेच काम करते आहे, आणि घरच्यांनाही ते नीट सांगता आलेलं नाही. वन्यजीवांचा अभ्यास म्हटलं की लोकांना वाघ दिसतो. माझे बरेच सहकारी वाघाच्या मागे आहेतही. मी लांडगा, खोकड, चंडोल, धाविक असे प्राणी-पक्षी ज्या उघड्या माळावर राहतात, तो माळ बघते. तिथे कोणतं गवत आहे, किती आहे, कोण चरतं, कोण घरटं करतं, हे मोजते आणि लिहून देते. त्या लिहिण्यावर पुढे कोणीतरी काहीतरी ठरवतं. माझी नोकरी म्हणजे एवढंच.

या वेळचं काम असं होतं. धरणगावच्या पुढे सोनटेकडी नावाचा एक मोठा माळ आहे. एका कंपनीला तिथे झाडं लावायची होती. त्याआधी जमीन पडीक आहे आणि झाडांना योग्य आहे, असा जाणकाराचा अहवाल लागतो. तो मी द्यायचा होता. कंपनीच्या पत्राच्या सुरावरून कळत होतं की उत्तर ठरलेलं आहे, सही तेवढी बाकी आहे. उन्हाळ्यात या, असं त्यांनी सुचवलं होतं. मी भाद्रपद मागून घेतला. गवत ओळखायचं तर ते फुलावर आलेलं असावं लागतं, हे कारण मी दिलं आणि ते खरंही होतं.

पाळधीवरून आम्ही आत वळलो. दोन्ही बाजूंना कापूस कमरेएवढा, खालची बोंडं नुकती उकलू लागलेली. रज्जाकभाईंनी सावद्याहून आणलेल्या केळ्यांची फणी माझ्या मांडीवर ठेवली. "खा मॅडम. पुण्यात पोचेपर्यंत आमच्या केळ्याचा जीव गेलेला असतो."

धरणगावच्या बाजारपेठेत एका लॉजवर सामान टाकलं आणि दुपारच्या आत माळ गाठला.

सोनटेकडीचा माळ नावासारखाच निघाला. गुडघाभर गवत, वाऱ्याबरोबर सगळं एका अंगाला झुकणारं, वरून तांबूस आणि आत हिरवं. मधूनमधून हिवराचं एखादं खुरटं झाड. एक भोवत्या (माळावर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी) अगदी खालून, गवताला पोट लागेल असा उडत गेला. हे पाहुणे हिवाळ्याला येतात. हा जरा लवकर आला होता. मी पिशवीतून पाइपची चौकट काढली. मीटरभर लांब, मीटरभर रुंद. ती गवतावर टाकायची आणि आत काय काय आहे ते काडी काडी मोजायचं. माझ्या सगळ्या विद्येचं हत्यार एवढंच आहे. रज्जाकभाईंनी ते पाहिलं आणि जीपच्या सावलीत आडवे झाले.

तिसऱ्या चौकटीला मी गुडघे टेकणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ बाई! तठे नका बसू! मुंग्यास्नं वारूळ शे तठे!"

मी दचकून उठले. खरंच वारूळ होतं. हाक मारणारी बाई पन्नाशीची, उंच, खांद्यावर काठी आडवी टाकलेली. तिच्यामागून मेंढ्यांचा कळप टेकडी उतरत होता आणि कळपापुढे दोन कुत्री माझ्याकडे संशयाने बघत होती. तिने नाव सांगितलं ठगूबाई. भाऊ, भावजय आणि ती, असा त्यांचा मेंढरांचा वाडा (मेंढपाळांचा मुक्काम) टेकडीच्या पलीकडे होता.

"काय मोजी ऱ्हायन्यात?" तिने विचारलं. अहिराणी मला कळते, बोलता येत नाही. मी मराठीत उत्तर दिलं आणि तिला ते कळलं. पुढचे दिवस आम्ही असंच बोललो.

गवत मोजते म्हटल्यावर तिला हसू आलं नाही, हे मला आवडलं. ती समोर उकिडवी बसली आणि काठीच्या टोकाने दाखवू लागली. "हाई पवन्या. हाई मारवेल. हाई कुसय (कुसळी), पिकनं की मेंढीना तोंडमा रुतस. आनी हाई लहानसं, याले आम्ही नाव नही दिधं, पन मेंढी पहिले हाईच खास." ते लहानसं मी ओळखलं होतं. मेंढी ते आधी खाते, हे मात्र कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मी वहीत लिहिलं.

दुपारी तिने मला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा दिला. मी माझी केळी पुढे केली. खाता खाता मी नेहमीचे प्रश्न विचारत होते : वर्षातले किती दिवस इथे, इथून कुठे जाता.

"पावसायामा बठ्ठा वावरस्मा पीक ऱ्हास," ती म्हणाली. (पावसाळ्यात सगळ्या शेतांत पीक असतं.) "मेंढ्या काय आभायमा चारू? तवय हाऊ माळ. कापूस निंघना की मंग वावरस्मा जातस."

"पहिल्यापासून इथेच?"

"नही वं बाई. पहिले आम्ही नांदखोरीले व्हतूत. तिकडे, धुये जिल्हामा. तठे तारनं कुंपन घालं, झाडे लायात. मंग निंघी उनूत आठे." (मग निघून इथे आलो.) तिने ठेच्याचा शेवटचा घास भाकरीने पुसून घेतला. "कोनी तरी कागद लिखा म्हने, की आठे काहीच उगत नही."

नांदखोरी हे नाव ऐकल्यावर माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

नांदखोरीचा माळ हे माझं पहिलं काम. सत्तावीस वर्षांची होते. नोकरीला लागून दोन महिने झाले होते आणि मोठ्या लोकांनी एकटीला पाठवलं याचा अभिमान होता. वैशाख महिना. माळावर हिरवं सोडाच, पिवळंही काही उरलं नव्हतं, नुसती माती आणि दगड. सहा दिवस फिरले. डोकं उन्हाने ठणकत होतं. तीन पानांचा अहवाल लिहिला. त्यातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे : 'सदर जमीन निकृष्ट असून गवताचे आच्छादन नगण्य आहे, वृक्षलागवडीस ती योग्य वाटते.' पुढे गवत शिकत गेले तसं कळत गेलं की ते वाक्य चुकीचं होतं. वाळलेलं गवत मेलेलं नसतं, मुळाशी थांबलेलं असतं. हे मी पुढे कित्येक विद्यार्थ्यांना शिकवलं. उदाहरण म्हणून नांदखोरी मात्र कधी सांगितली नाही. तिथे पुढे काय झालं, हे बघायलाही गेले नाही. दुसरी कामं आली, असं मी मनाशी म्हणत राहिले.

त्या दुपारी ठगूबाईला मी काही बोलले नाही. आणखी चार चौकटी मोजल्या आणि परत निघाले.

संध्याकाळी बाजारपेठेतल्या खानावळीत बसलो. शेवभाजीवर तर्रीचा लाल थर होता.

"मॅडम, तुम्ही खात का नाही?" रज्जाकभाईंनी विचारलं. "तिखट आहे का?"

कसं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. एका दिवसाची ओळख. कदाचित म्हणूनच सांगता आलं. शेवटी पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "त्यांना सांगून टाका. उद्या दुसऱ्या कोणाकडून कळलं तर जास्त लागेल."

"दुसरं कोण सांगणार आहे?"

"मग तर तुम्हालाच सांगावं लागेल ना," ते म्हणाले आणि माझी वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी नांदखोरीला जायचं ठरवलं. आज मोजायला येणार नाही, एवढं ठगूबाईला सांगावं म्हणून सकाळी माळावर गाडी नेली. कुठे निघालात, असं तिने विचारलं. मी नाव घेतलं.

"मले बी ली चाला."

"तिथे आता काय असेल, मला माहीत नाही, आक्का."

"मना बापना देव शे तठे. चोवीस साल व्हई गयात, त्याले कोनी पानी नही घालं."

भावजयीच्या हाती काठी देऊन ती पुढच्या सीटवर चढून बसली. मी मागे.

एरंडोल, पारोळा. रस्ता मोठा, ट्रकही मोठे. ठगूबाई काचेतून प्रत्येक शेताकडे बघून कोणाच्या वावरात केव्हा मेंढ्या बसवल्या (खतासाठी शेतात मुक्कामाला ठेवल्या) होत्या ते रज्जाकभाईंना सांगत होती. तो माणूस चांगला, हा माणूस चिक्कू, इथे विहिरीवर पाणी भरू देतात, तिथे देत नाहीत. एवढा मुलूख तिने पायी पालथा घातला होता. मागे बसून मी वाक्य जुळवत होते. पारोळा गेलं, वाक्य काही जुळलं नाही.

धुळ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. रज्जाकभाई जॅक काढू लागले. आम्ही दोघी रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली दगडांवर बसलो. ठगूबाईने उरलेल्या केळ्यांतलं एक सोलायला घेतलं.

"आक्का, तो कागद मी लिहिला होता."

"कोन्ता?"

"नांदखोरीचा. इथे काही उगवत नाही म्हणून. तो मीच लिहिला."

तिचं सोलणं थांबलं. रज्जाकभाई चाकाशी खाली वाकले होते, तेही थांबले.

"कोन्ता महिनामा उनेल व्हत्यात तुम्ही?"

"वैशाखात."

"वैशाखमा तं मी बी मरेल दिखस," ती म्हणाली. (वैशाखात तर मीसुद्धा मेलेली दिसते.)

मग तिने विचारलं, "मना आबा (माझे वडील) तुमनाजवय उनेल व्हता का? म्हातारा व्हता. लाल फेटावाला."

एक म्हातारा आला होता. मला तो आठवत होता, कारण त्याने पाणी आणलं होतं. मी पाणी प्यायले, आभार मानले. तो तिथेच घुटमळत उभा राहिला, त्याला काहीतरी सांगायचं होतं. माझ्या हातात टेप होती आणि ऊन चढत होतं. नंतर बोलू, असं मी म्हणाले. ते नंतर राहूनच गेलं. हे सगळं मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

"फेट्याचा रंग मला आठवत नाही, आक्का."

"आबाच व्हई," ती म्हणाली. सोललेलं केळं तिने न खाता दगडावर ठेवलं, उठली आणि जीपमध्ये जाऊन बसली. या वेळी मागच्या सीटवर. मला पुढे बसावं लागलं.

धुळ्यात चहाला थांबलो. मी तिचा चहा गाडीपाशी नेऊन दिला. तिने तो घेतला नाही. मी कप टपरीवाल्याला परत दिला. साक्रीच्या बाजूला डोंगर जवळ आले तसा रस्ता लहान होत गेला. नांदखोरीचा फाटा माझ्या आठवणीत होता त्याच्या बराच आधी आला. "आठे," एवढंच मागून ऐकू आलं.

तारेचं कुंपण केव्हाच पडलं होतं. खांब तेवढे रांगेत तिरके उभे. माळभर, चढाला आडवे, चर खणलेले. चरांच्या काठाने गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची झाडं. काही बरी वाढलेली, काही नुसते सांगाडे. खाली सावलीत गवत नव्हतं. गाजरगवत आणि घाणेरीचं रान. मी वाकून मुळं शोधली. पवन्या नाही, मारवेल नाही. चंडोल ऐकू येतो का म्हणून थांबले. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तेवढाच आवाज.

झाडाखाली एक म्हातारे दोन म्हशी घेऊन बसले होते. गावातले दगा आबा. ठगूबाईच्या बापाला ते ओळखत होते. कुठून आलो वगैरे झाल्यावर मी त्यांना विचारलं, या झाडांनी फायदा झाला का?

"झाडे चांगलाच शेतस," ते म्हणाले. "सावली शे, सरपन शे. चर खंदाले गावन्या बायास्ले काम भेटनं व्हतं. मनी बायको बी व्हती."

"आनी म्हशी काय सावली खातस?" ठगूबाईने विचारलं.

"म्हशीस्ले चारा इकत लयनी पडस," दगा आबा हसून म्हणाले. (चारा विकत आणावा लागतो.) ते कोणाची बाजू घेत नव्हते. आहे तसं सांगत होते. मी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. खरं सांगायचं तर त्यांनी झाडांना नुसतं वाईट म्हटलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

देव शोधायला वेळ लागला. ठगूबाई एका चरापासून दुसऱ्या चरापर्यंत पावलं टाकत, मनाशी काही मोजत चालली होती. मग एका घाणेरीच्या जाळीपाशी थांबली. "याना खाले." रज्जाकभाईंनी जीपमधून जॅकचा दांडा आणला आणि फांद्या बाजूला सारू लागले. दोन्ही हात ओरबाडले गेले. मी खालून ओढत होते. पाऊण तास गेला असेल. आत एक दगड निघाला, डोक्याएवढा, शेंदूर पार उडून गेलेला. बाजूला मातीचा एक फुटका घोडा.

ठगूबाईने माझ्याकडे हात पुढे केला. मी पाण्याची बाटली दिली. चहा नाकारल्यानंतर तिने माझ्याकडून घेतलेली ती पहिली वस्तू. दगडावर पाणी घालून ती तिथेच बसली. आम्ही दोघे लांब जाऊन उभे राहिलो.

माळाच्या वरच्या अंगाला खडक उघडा पडला होता. तिथे लावलेली झाडं एकूण एक मेलेली दिसत होती. मी सहज तिकडे चढले आणि थबकले. चरांच्या मधल्या पट्टीत, वीतभर मातीवर, पवन्या उभा होता. चांगला मांडीपर्यंत. त्याच्या कडेला कुसळी, तिच्या बुडाशी ते नाव नसलेलं लहानसं गवत. मी धावतच चौकट आणायला खाली गेले. परत आले तेव्हा ठगूबाई तिथे येऊन उभी होती. तिने न सांगता चौकटीची दुसरी बाजू धरली.

"लिखा," ती म्हणाली आणि एकेक नाव घेऊ लागली.

आम्ही त्या पट्टीवर अकरा चौकटी टाकल्या. नववीला तिने माझा दंड धरून मला थांबवलं. समोर मोकळ्या खडकावर दोन धाविक होते. उंच पायांचे, बदामी रंगाचे. ते पळायचे, एकदम थांबायचे, पुन्हा पळायचे. सव्वीस वर्षांपूर्वी मी ते इथे पाहिले होते आणि अहवालात त्यांना एक ओळ दिली होती.

"आजून शेतस," ती हळूच म्हणाली.

परतताना ती पुढे बसली. पारोळ्याला चहा घेतला, तोही स्वतः मागून. एरंडोलच्या जवळ मागे वळून म्हणाली, "आते काय लिखशात?"

"जे पाहिलं ते. सोनटेकडीवर झाडं लावू नयेत. का लावू नयेत, त्यासाठी नांदखोरीचं आज मोजलेलं सगळं."

"धाडाना पहिले मले वाची दखाडा." (पाठवण्याआधी मला वाचून दाखवा.)

आजवर माझे अहवाल मी कोणाला वाचून दाखवलेले नव्हते. वरिष्ठ ते वाचतात, खूण करतात आणि अहवाल फाइलला लागतात. मी हो म्हणाले.

पुढचे दोन दिवस सोनटेकडीवरचं उरलेलं मोजून झालं. लॉजवर बसून लिहिलं आणि पाचव्या दिवशी सकाळी माळावर गेले. ठगूबाई, तिचा भाऊ, भावजय आणि रज्जाकभाई समोर बसले. मी प्रत्येक परिच्छेद वाचून साध्या मराठीत सांगत गेले. एका ठिकाणी ठगूबाईने हात वर केला. उन्हाळ्यात माळाचा चराईसाठी उपयोग नाही, असं मी लिहिलं होतं.

"हाई कोनी सांगं? उन्हायामा वाळेल चारा आठेच ऱ्हास. आजारी मेंढ्या आठेच ठेवतस."

मी ती ओळ खोडली आणि तिने सांगितलेलं लिहिलं. पुन्हा तीच चूक, पुन्हा उन्हाळ्याचीच.

वाचून झालं. भावाने मान डोलावली. ठगूबाई तशीच बसून होती.

"आनी पहिला कागदनं काय?"

"त्याचं काय?"

"तो चुकेल व्हता, हाई तं लिखं नही तुम्ही."

नांदखोरीच्या पट्टीवरचे आकडे मी घातले होते. तिथली लागवड कुठल्या अहवालावरून झाली, हे घातलं नव्हतं. त्याची गरज नाही, विषय सोनटेकडीचा आहे, असं मी स्वतःला आदल्या रात्रीच पटवलं होतं. तिला मी सांगू लागले की तेव्हा निर्णय वरच्यांनी घेतला होता, माझ्या कागदाशिवायही कदाचित झाडं लागली असती. हे सगळं खरं होतं. ती ऐकत होती. रज्जाकभाई उठले आणि जीपची काच पुसू लागले. काच स्वच्छच होती.

"कागद तुमना व्हता ना?" ती म्हणाली.

तिथेच मांडीवर वही घेऊन मी चार ओळी लिहिल्या. नांदखोरीची लागवड माझ्या अहवालाच्या आधारे झाली. तो उन्हाळ्यात, सहा दिवसांत केला होता. त्यातला निष्कर्ष चुकीचा होता. तिथे चरणारे मेंढपाळ त्यामुळे विस्थापित होऊन आज सोनटेकडीवर आहेत. खाली माझं नाव. वाचून दाखवलं. 'विस्थापित'चा अर्थ तिच्या भावाने विचारला. मी सांगितला. "मंग तसंच लिखा," तो म्हणाला, "सरकारले तोच शब्द समजस."

संध्याकाळच्या गाडीने निघाले. रज्जाकभाईंनी पुन्हा केळ्यांची फणी दिली. त्यांच्या दोन्ही हातांवरचे घाणेरीचे ओरखडे काळे पडले होते. ठगूबाईने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. मला वाटतं, माफीशी तिचं फारसं काम नव्हतं. तिला कागद दुरुस्त हवा होता.

अहवाल गेला. आठवड्याने वरिष्ठांचा फोन आला. त्या चार ओळींची गरज होती का, असं त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं. मी हो म्हणाले. त्यानंतर अशा कामांच्या यादीत काही दिवस माझं नाव दिसलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की या पेशात मोठी गोष्ट म्हणजे काहीतरी नवीन शोधणं. जुनं लिहिलेलं तपासायला परत जाणं हेही त्या पेशाचंच काम आहे, आणि ते मी फार उशिरा सुरू केलं.

माघात कंपनीचं पत्र आलं. झाडं नाल्याकाठी आणि गावरस्त्यांच्या कडेला लावायची ठरली होती. सोनटेकडीचा माळ वगळला होता, 'चालू वर्षापुरता'. मी रज्जाकभाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः धरणगावला जाऊन वाडा शोधून काढला. कापूस निघालेल्या एका शेतात मेंढ्या बसवलेल्या होत्या. त्यांनी फोन ठगूबाईच्या हातात दिला. मी पत्रात होतं ते सगळं सांगितलं.

"एक सालनाच करता?" तिने विचारलं.

"हो. सध्या एकच वर्ष."

पलीकडे मेंढ्यांचा गलका चालला होता. कोणाला तरी हाड हाड करून ती पुन्हा फोनवर आली.

"मंग पुढला साल आखो लिखा," ती म्हणाली. (पुढल्या वर्षी पुन्हा लिहा.) "पावसायामा या. आम्ही आठेच ऱ्हासूत."

मग फोन रज्जाकभाईंकडे गेला. त्यांनी एवढंच विचारलं, की किती तारखेला येताय, म्हणजे गाडी मोकळी ठेवतो.